शंभरात किती

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुण्यातलं तीन दिवसांचं ट्रेनिंग संपवून संध्याकाळच्या एसटीने तळेगावला परत आले. अकरा वर्षं शिक्रापूरच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासली, आता चार-पाच महिने गाडीतून गावोगाव फिरायचं. शिरूर आणि दौंड तालुके, अठरा ते पंचेचाळीस वयाच्या सहाशे बायका. शोधायचं एकच, ट्रायकोमोनास. नवरा-बायकोच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा परजीवी. आपल्याकडे तो शंभरात किती बायकांना आहे हे कुणी मोजलेलं नाही म्हणे. बायका त्याला नावही देत नाहीत. 'अंगावरून जातं' म्हणतात, आणि विषय संपतो.

भाग्यश्री मॅडम ह्या कामाच्या प्रमुख डॉक्टर. वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी एक वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतलं. जिला निघेल तिला सांगायचं: "हा अंगात महिनोन् महिने, कधी वर्षंसुद्धा गुपचूप राहतो. पुरुषांना बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. त्यामुळे कुणाकडून कुणाला आला हे सांगता येत नाही. दोघांनी एकाच वेळी गोळ्या घ्यायच्या." मला ते वाक्य फार आवडलं. कुणावर आळ नाही, भांडण नाही.

मग गरोदर बायकांबद्दल सांगितलं. असला तर मूल वेळेआधी होण्याचा धोका वाढतो, वजन कमी भरतं वगैरे. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. पुढच्या खुर्चीतल्या बाईच्या ब्लाउजची शिवण उसवली होती, तिला सांगावं की नको ह्याच विचारात मी होते.

सर्वेच्या रजिस्टरात नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. माझ्या मनात मात्र माणसं नंबराने राहत नाहीत, म्हणून ही वेगळी वही. कपाटात साड्यांच्या खाली राहील.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाबळ. पहिलाच दिवस, बावीस बायका. गाडीचा मागचा भाग पडदा लावून तपासणीला, पुढे माझं टेबल आणि मायक्रोस्कोप. ड्रायव्हर सर्जेराव मामा साठीचे आहेत. बायका आल्या की ते स्वतःच उठून लांब झाडाखाली पेपर वाचत बसतात.

प्रत्येकीचे दोन नमुने. एक लगेच काचेवर घेऊन मी बघायचा, दुसरा पुण्याला कल्चरला, तिथे तो आठवडाभर वाढवून बघतात. काचेवरचा दहा मिनिटांत बघावा लागतो. गार पडला की तो हलायचा थांबतो, आणि थांबलेला ओळखू येत नाही.

बायका आधी लाजल्या, मग सुटल्या. एक म्हणाली, "ह्यात मोजायचं काय हाय? समद्यांनाच असतंय. त्यापरीस डोक्यावर केस किती ते मोजा." सगळ्या हसल्या. मीही.

चौदाव्या नंबरला सापडला. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झटके देतात तसा झटके देत इकडून तिकडे चालला होता. मी मॅडमना हाक मारली, आणि आवाजात आनंद होता ह्याची मागाहून लाज वाटली. ती बाई पडद्यापलीकडे साडी नीट करत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविराज काल वापीहून आले. (तोंडावर अहो म्हणते, वहीत नाव लिहायला काय हरकत आहे.) सणसवाडीच्या कंपनीकडून ते मशिनी बसवायला जातात, पंधरा दिवस तिकडे, दोन-तीन दिवस घरी. हे असं पाच वर्षं चाललंय. जेवताना तिथल्या मेसवाल्या बाईंचा फोन आला, पोहोचलात का, जेवलात का विचारायला. ते परसात जाऊन बोलले, रेंज तिथेच येते. मला घरात येते, पण माझ्या सिमची कंपनी वेगळी. परक्या गावात एवढी काळजी करणारं माणूस भेटणं नशीबच.

मला महिनाभर खालून आग होते, खाजही. उन्हात फिरणं आणि पाणी कमी पिणं, दुसरं काय. गाडीत बसून लघवीला जायची सोय नसते. सकाळी सब्जा भिजत घालते. आत्या म्हणाल्या, "चा कमी कर." सासूबाईंचं सगळ्या दुखण्यांवर हेच एक औषध.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

राहू. गावची आशा सेविका सारिका फार उत्साही, तिने छत्तीस बायका गोळा केल्या. थंडी पडली आहे. गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा इतका गार.

एकतिसावी नकुशी. अठ्ठावीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर. नाव विचारल्यावर स्वतःच म्हणाली, "चौथी पोरगी. नकोशी झाली म्हणून नकुशी. आता हसा." मी हसले नाही तर तीच हसली. सारखी खाज येते म्हणाली, झोप लागत नाही. पहिलं बाळंतपण कुठे झालं विचारलं. "पयलं ऱ्हायलं न्हाई बाई. साडेसहा म्हैन्यांतच झालं."

"होतं असं. माझंही झालंय, सातव्या महिन्यात," मी म्हटलं, आणि पुढचा नंबर बोलावला.

तिची काच मी ठेवली, आणि तेवढ्यात सरपंचांच्या घरून चहाचं बोलावणं आलं. नाही म्हणता येईना. आले तेव्हा अर्धा तास झाला होता. काचेवर काही हलत नव्हतं. मी तिला सांगितलं, "काही नाही. कोरडेपणा असेल, पाणी पीत जा."

"मग खाज कशाची?"

"उष्णता."

२ डिसेंबर, मंगळवार

कल्चरचे पहिले रिपोर्ट आले. मी काचेवर जितक्या धरल्या त्याच्या दुपटीहून जास्त निघाल्या. मॅडम म्हणाल्या, असंच होतं, काचेवर निम्मे निसटतात, म्हणून तर दुसरा नमुना घेतो. त्यांच्या दृष्टीने हा आकडा आहे. माझ्या दृष्टीने ह्या त्या बायका आहेत ज्यांना मी 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं.

त्यात राहूची एकतीस नंबर. तिची निसटली नव्हती, मी चहा पीत होते.

मॅडमना हे सांगितलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

राहूला जाऊन नकुशीला सांगितलं. सारिकाच्या ओसरीवर बसलो. ते पाठ वाक्य म्हटलं. तिने शांतपणे ऐकलं. मॅडमनी तिला सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात, नवऱ्यासाठी चार, एकदम घ्यायच्या.

"मी त्यांना काय म्हणू?"

"सांग, सर्वेवाल्या बाईंनी दिल्यात. दोघांनी घ्यायच्यात."

"कशापायी म्हणले तर?"

"खरं ते सांगायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, तुमच्या घरात चालंल का असं? तुम्ही म्हणाल आन् तुमचं मालक गोळ्या घेतील?"

"न घ्यायला काय झालं? औषधच आहे."

घरी येताना वाटलं, चांगलं बोलले. तरी एसटीत बसवेना. तळेगावच्या आधीच्या थांब्यावर उतरून चालत आले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सारिकाचा फोन. नकुशीने नवऱ्याला काही सांगितलंच नाही. गोळ्या कुटून त्याच्या कालवणात घातल्या. ह्या गोळ्या विषासारख्या कडू. दत्ताने पहिलाच घास थुंकला. चुलीमागे गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं, ते घेऊन तो मेडिकलमध्ये गेला, आणि दुकानातल्या माणसाने चार लोकांसमोर सांगितलं की ही संबंधातून होणाऱ्या रोगाची गोळी आहे. दत्ता घरी आला आणि म्हणाला, "मला काय बी झालेलं न्हाई. मग हिनं हे आणलं कुठून?" सासूने, रतनबाईने, त्याच दुपारी नकुशीला पिशवी भरायला लावली. ती आता न्हावऱ्याला माहेरी आहे.

"मारलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. पर बोलला ते मारल्यापरीस जास्त हाय," सारिका म्हणाली.

१५ डिसेंबर, सोमवार

मॅडम म्हणाल्या, आपण गोळ्या द्यायच्या, माहिती द्यायची, घरात शिरायचं नाही. बरोबर आहे त्यांचं. मी रजा टाकून एकटी राहूला गेले.

दत्ता उसाच्या फडात होता. तोड चालू होती, ट्रॉली भरत होते. माणूस वाईट नाही वाटला. बांधावर पोतं अंथरून मला बसायला दिलं, स्वतः उभा राहिला. मी माझं वाक्य म्हटलं. तो ऐकून म्हणाला, "म्हंजी कुणाकडनं आलं हे सांगता येत न्हाई."

"नाही."

"म्हंजी तिनं बाहेरून आणलं न्हाई, हे बी सांगता येत न्हाई."

 वाक्याला ही बाजूही आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"तुम्ही तपासून घ्या," मी म्हटलं. "लघवीचा नमुना द्यायचा फक्त."

"मला काय धाड भरली? दुखतंय का कुठं, खुपतंय का?" कोयता उचलून तो फडात गेला. मग वळून म्हणाला, "बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. पर आमच्या घरात इस्तव टाकून गेलात."

२२ डिसेंबर, सोमवार

कल्चरच्या किटची नवी पेटी आली. वापरण्याआधी एक किट ठीक आहे का बघायचं असतं. ज्यात काही नाही असा नमुना लागतो. मॅडम म्हणाल्या, आपल्यातल्याच कुणाचा घ्या. मी म्हटलं, माझा घ्या.

सवयीने काचेवरही घेतला. लगेच बघितला, थंडी लागू दिली नाही.

हलतोय.

२४ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. कालही काम केलं, एकवीस बायका. हात चालतात.

हा कुठून आला असेल? ट्रेनिंगच्या हॉस्टेलचा संडास. तिथला टॉवेल. हातमोजा फाटला असेल कधी. पण आग ट्रेनिंगच्याही आधीपासून होतेय, आणि मोजा कुठला फाटला मला आठवत नाही. बायका हेच विचारतात, बाई, संडासातून होतो का, टॉवेलातून होतो का, आणि मी मान हलवून म्हणते, नाही ताई, सहसा नाही. मला माहीत आहे, आणि तरी मी टॉवेल उकळत्या पाण्यात घातले.

कुणाकडून कुणाला आला हे सांगता येत नाही. वर्षंसुद्धा राहतो. लग्नाला चौदा वर्षं झाली. लग्नाआधी माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं, नंतरही नाही. म्हणजे माझ्या बाबतीत तरी सांगता येतं.

नाही, असं लिहायला नको. लग्नाआधीचं असेल त्यांचं काही. मुलगे असतात तसे. एवढी वर्षं राहू शकतो का, मॅडमना विचारलं पाहिजे, माझ्यासाठी नाही, एका बाईसाठी म्हणून.

वरच्या आळीत कुणाकडे तरी बारसं होतं, आत्या जाऊन आल्या. मी गेले नाही.

२८ डिसेंबर, रविवार

रविराज शुक्रवारी आले. मॅडमना सांगून घेतलेल्या गोळ्या पर्समध्ये ठेवून मी दोन दिवस घरात फिरले. एकदा मनात आलं, जंताच्या म्हणून द्याव्यात, सर्वेत घरच्या सगळ्यांना देताहेत म्हणावं. ते घेतील, प्रश्न विचारणार नाहीत. मग नकुशी आठवली. तिने कालवणात घातल्या ते ऐकून मी मनात म्हटलं होतं, वेडी बाई.

आज दुपारी आमची लेक दीक्षा क्लासला गेली, आत्या पडल्या होत्या. मी सांगितलं. पाठ वाक्य जसंच्या तसं म्हटलं, कारण स्वतःचं एकही वाक्य तोंडात येईना.

ते मोबाईल बाजूला ठेवून म्हणाले, "गाडीत कोण कोण असतं तुमच्या?"

"सर्जेराव मामा आणि मॅडम."

"आणि गावात? सरपंचाकडे चहाला जाता म्हणालीस."

मला हसू आलं, खरंच आलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाने माझ्यावर संशय घेतला, आणि तो सरपंच सत्तरीचा.

मग ते उठून खिडकीशी गेले. "तूच म्हणतेस ना, कुणाकडून आलं सांगता येत नाही? सायन्स आहे ना हे? मग मला का विचारतेस?"

मी विचारलंच नव्हतं. एका शब्दानेही नाही.

"विचारत नाही," मी म्हटलं. "चार गोळ्या आहेत, जेवणानंतर एकदम घ्यायच्या. आठवडाभर जवळ यायचं नाही."

"ठेव तिथे."

२९ डिसेंबर, सोमवार

घेतल्या एकदाच्या. काल रात्रीच्या जेवणानंतर मी भांडी घासत होते तेव्हा मोरीच्या बाजूने पाकिटाची कडकड ऐकली. मग पाणी ओतल्याचा आवाज. बाहेर आले तर टेबलावर रिकामं पाकीट. मी विचारलं, घेतल्या? म्हणाले, दिसत नाही का?

सकाळी मोरी धुताना फरशीच्या कडेला पांढरट चिकट काहीतरी दिसलं. दीक्षाला किती वेळा सांगितलं, दात घासून झाल्यावर पेस्टवर पाणी टाकत जा.

माझ्या गोळ्यांचा आजचा दुसरा दिवस. तोंडाला धातूसारखी चव. पण मन हलकं. एवढंच तर होतं.

४ जानेवारी २०२६, रविवार

न्हावऱ्याला गेले, नकुशीच्या माहेरी. पोट चांगलं दिसतंय आता. तिने तिच्या सात दिवसांच्या गोळ्या पुऱ्या केल्यात. खाज गेली, झोप लागते म्हणाली.

मी तिची माफी मागितली. चहाचं सांगितलं. तुझी काच अर्धा तास तशीच पडली होती, वेळेत बघितली असती तर तेव्हाच सापडला असता, तिथेच नीट समजावलं असतं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. "तवा सापडला असता तरी मी कालवणातच घातलं असतं," ती म्हणाली. मग, "तुमच्या घरी कुणाला असं झालंय का वो?"

"मला झालंय," मी म्हटलं.

तिने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मला अवघडल्यासारखं झालं, सांत्वन करायला मी गेले होते.

राहूला जाऊन पुन्हा बोलू का विचारलं. "बोलायचं तर बोला. लपवायचं काय उरलं न्हाई. पर त्यांनी बोलवल्याबिगर मी जानार न्हाई."

७ जानेवारी, बुधवार

सकाळी भाकरी थापताना आत्या एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी मी झोपली नव्हती. ऐकलंया मी."

माझा हात थांबला. वाटलं, आता मुलाची बाजू घेणार.

"तुझा सासरा ट्रकवर व्हता. मला पंचवीस वर्सं धुपनी. म्हंजी तुझं ते अंगावरून जानं. वैद्य म्हनायचा गरम खाऊ नगा. मी गरम सोडलं, आंबट सोडलं, वांगं सोडलं. जायाचं नाव न्हाई. ह्यो म्हनायचा, तुझ्या अंगाला वास येतोय. वास येतोय म्हनून बाहेर निजायला लावायचा. मग वारला. दोन-तीन वर्सांत आपोआप थांबलं."

"वय झालं, पाळी गेली म्हणून थांबलं असेल आत्या," मी म्हटलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग विचारलं, "त्या राहूच्या पोरीची सासू किती वयाची?"

"तुमच्याएवढी असेल."

"संक्रांत झाली की मला घिऊन चल."

१६ जानेवारी, शुक्रवार

तिळगूळ घेऊन राहूला गेलो. आधी चौफुल्याला जीप बदलताना आत्यांचा गुडघा धरला, तरी परत चला म्हणाल्या नाहीत.

रतनबाई दारातच आडव्या. मला ओळखलं. "आनखी काय ऱ्हायलंय?" आत्या पुढे झाल्या, तिळगूळ हातात ठेवला. सणाला दारात आलेल्या बाईला कोण हाकलतं? बसायला सतरंजी आली.

दत्ता शेतातल्या पंपावरून जेवायला आला होता. आम्हाला बघून परत निघाला, तर आत्या म्हणाल्या, "बस रं बाबा. तुझ्या आईच्या वयाची हाय मी."

मी ठरवून आले होते. पाठ वाक्य म्हटलं नाही. म्हटलं, "दत्ताभाऊ, मलाही हेच निघालंय. माझ्या नवऱ्यालाही गोळ्या दिल्या. त्यांनी घेतल्या. आमच्या घरात कुणी कुणाला हाकललं नाही." गाल तापले होते. राहूत बोललेलं आठवड्यात तळेगावात पोहोचणार, हे मला बोलताना कळत होतं.

दत्ता खाली बघत होता.

आत्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. रतनबाईंना विचारलं, "तुला कवा गेलं न्हाई का गं अंगावरून?"

रतनबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्याचं त्याला."

"मला पंचवीस वर्सं गेलं. मी कुठं बाहेर गेली न्हाई, म्हायेराला सुदिक एकटी गेली न्हाई. तू गेलीस का?"

रतनबाईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्या उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता निघायला सांगणार. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यापुढे हात केला.

"आन त्या गोळ्या."

मी चार गोळ्या त्यांच्या तळहातावर सोडल्या. त्या दत्ताच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, मला काय बी—"

"गीळ."

त्याने एकेक करून चारही गिळल्या. शेवटची घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं. रतनबाई तांब्या रिकामा होईपर्यंत हलल्या नाहीत.

परत येताना जीपमध्ये आत्या झोपल्या. मला मात्र कुठे बघावं कळत नव्हतं. आनंद झाला होता, आणि आनंदाखाली काहीतरी टोचत होतं. रतनबाई समोर उभ्या राहिल्या, तसं मला का सुचलं नाही, असं काहीतरी. पण आमच्याकडे त्याची गरजच नव्हती.

३० जानेवारी, शुक्रवार

बातमी पोहोचली. किराणा दुकानात दोघी बोलायच्या थांबल्या. रविराजनी वापीहून फोन केला, कुणीतरी त्यांना कळवलं होतं. "माझं नाव घ्यायची काय गरज होती?" मी म्हटलं, नाव नाही घेतलं, नवरा म्हटलं. "एकच झालं."

एक आठवडा मुक्काम वाढला म्हणाले.

त्या दोघींतलीच एक संध्याकाळी पाण्याला म्हणून आली. हळूच विचारलं, गाडी तळेगावला कधी येणार?

२४ मार्च, मंगळवार

काम संपलं. सहाशे चार बायका. काचेवर अडतीस, कल्चरमध्ये एक्क्याऐंशी. शंभरात तेरा. मॅडमनी आकडा फळ्यावर लिहिला आणि मागे सरकून बघत राहिल्या. मी म्हटलं, शंभरात तेरा घरांत नवरे आहेत, ते कुठेच मोजले नाहीत. म्हणाल्या, खरंय, पण पुरुष येत नाहीत तपासायला. मी स्वतः त्या आकड्यात नाही. कर्मचारी मोजणीत धरत नाहीत.

दुपारी नकुशीचा फोन. गेल्या आठवड्यात मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची. पावणेतीन किलो. दत्ता बघायला आला होता, घरी चल म्हणाला. "मी म्हनलं, आधी शिरूरला जाऊन तपासून ये, कागद दाखव, मग येते. पोरीला घिऊन परत त्याच घाणीत जायाचं न्हाई मला."

"मग?"

"चिडला. परवाच्याला गेला तपासायला."

मॅडमनी आठवण करून दिली, ज्यांना निघालं त्यांची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची आहे. माझे तीन महिने होऊन गेले.

२७ मार्च, शुक्रवार

काच गरम होती. खोलीत ऊन होतं. मी ताबडतोब बघितलं.

तीन दिसले, मग पाच.

मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावून बघितलं. "तू गोळ्या पुऱ्या केल्यास?"

"सात दिवस. एकही चुकवली नाही."

"मिस्टरांनी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मोरीच्या फरशीवरचं ते पांढरट चिकट आठवलं.

त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाल्या, गोळ्यांना दाद न देणारे जंतूही असतात, लगेच निष्कर्ष नको. डॉक्टर आहेत, त्यांना असंच बोलावं लागतं. मीही चार महिने असंच बोलत होते.

२९ मार्च, रविवार

रविराज काल आले. उद्या परत निघणार. आज जेवणं झाली, दीक्षा मैत्रिणीकडे गेली. आत्या ओसरीवर होत्या. त्यांना म्हटलं, आत येऊन बसा. त्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

मी ताटलीत चार गोळ्या ठेवल्या, पाण्याचा पेला ठेवला, आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"हे काय आता?"

"माझ्यात परत निघालंय. मी आज नव्याने सुरू केल्यात. तुम्ही आत्ता घ्यायच्या."

"मी घेतल्या होत्या."

मी ताटली त्यांच्याकडे सरकवली. बोलण्यासारखं खूप होतं. वापी होतं, परसातली रेंज होती, सातव्या महिन्यातच झालेलं, चादरीखाली झाकलेलं ते माझं बाळ होतं. एकेक ओठापर्यंत आलं आणि मी एकेक परत ढकललं, कारण त्यातल्या एकाचंही उत्तर ऐकायची आज माझी तयारी नव्हती. आधी हे होऊ दे. बाकीचं मी उद्या विचारीन, ते निघायच्या आधी. विचारणार आहे.

"आईच्या समोर तमाशा कशाला?"

"रवी," आत्या म्हणाल्या. एवढंच.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू येत होता. त्यांनी पहिली गोळी उचलली, मग दुसरी. तिसरीला तोंड वाकडं केलं. चौथी घेतली, पाणी प्यायले, पेला ठेवला आणि मोरीकडे जायला उठले.

"थांबा," मी म्हटलं. "तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा. जीभ वर करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत्यांकडे. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले, लॅबमध्ये उभी राहते तशी, नीट उजेडात.

त्यांनी तोंड उघडलं.